ल्युपस, मातृत्व आणि विम्याची भिंत

मेक्सिकन वंशाच्या पित्याची कन्या असलेली, टेक्सासमध्ये जन्मलेली गायिका आणि अभिनेत्री सेलेना गोमेझ हिने आपल्याला ल्युपस असल्याचे २०१५ मध्ये जाहीर केले. २०१७ मध्ये तिच्यावर मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले. सप्टेंबर २०२४ मधील एका मुलाखतीत, वैद्यकीय कारणांमुळे आपल्याला गर्भारपण शक्य नाही, त्यात आपल्या आणि बाळाच्याही जिवाला धोका आहे, असे तिने सांगितले. संपत्ती आणि उत्तमोत्तम डॉक्टर हाताशी असलेल्या स्त्रीची ही स्थिती असेल, तर टेक्सासमध्येच शेतावर किंवा हॉटेलात राबणाऱ्या, विमा नसलेल्या लॅटिन अमेरिकी वंशाच्या रुग्ण स्त्रीचे काय होत असेल, हा प्रश्न त्यामुळे ठळकपणे पुढे येतो.

ल्युपसमध्ये शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच अवयवांवर उलटते. दहापैकी नऊ रुग्ण स्त्रिया असतात आणि रोग बहुधा ऐन जननक्षम वयात डोके वर काढतो. एकेकाळी अशा स्त्रियांना 'मूल होऊ देऊ नका' असाच सल्ला दिला जाई. तो काळ आता मागे पडला आहे. ल्युपसग्रस्त गर्भवतींचे अमेरिकेतील रुग्णालयांत होणारे मृत्यू १९९८-२००० या काळात दर लाख दाखल रुग्णांमागे ४४२ होते. २०१३-२०१५ मध्ये हे प्रमाण ५० च्याही खाली आले. वैद्यकशास्त्राचे हे यश निर्विवाद आहे. मात्र ते सर्वांच्या वाट्याला सारखे आलेले नाही.

'प्रॉमिस' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात ३८५ ल्युपसग्रस्त गर्भवतींची पाहणी झाली. रोग आटोक्यात असलेल्याच स्त्रिया त्यात होत्या आणि त्यांपैकी ८१ टक्के जणींचे गर्भारपण गंभीर गुंतागुंतीविना पार पडले. पण या दिलासादायक सरासरीच्या पोटात दोन वेगळी जगे होती. कोणताही धोकादायक घटक नसलेल्या स्त्रियांमध्ये गर्भमृत्यू, अकाली प्रसूती किंवा बाळाची वाढ खुंटणे अशा दुष्परिणामांचे प्रमाण ७.८ टक्के होते. याउलट, गर्भावस्थेस घातक ठरणारे 'ल्युपस अँटिकोअॅग्युलंट' हे प्रतिपिंड रक्तात असलेल्या, किंवा ते नसले तरी श्वेतेतर वा हिस्पॅनिक असून रक्तदाबाची औषधे घेणाऱ्या स्त्रियांमध्ये ते ५८ टक्क्यांवर गेले.

विरोधाभास असा, की एकूण मातामृत्यूंच्या आकडेवारीत हिस्पॅनिक स्त्रिया मागे दिसत नाहीत. २०२२ मध्ये अमेरिकेत दर लाख जिवंत जन्मांमागे श्वेतवर्णीय मातांचे १९, तर हिस्पॅनिक मातांचे १६.९ मृत्यू नोंदले गेले. त्यामुळे धोरणकर्त्यांचे लक्ष या समाजातील ल्युपसग्रस्तांकडे सहजी वळत नाही. चांगली सरासरी कधी कधी अशी घातक ठरते.

हा फरक रक्तातला की परिस्थितीतला? याचा शोध १९९४ मध्ये सुरू झालेल्या 'लुमिना' अभ्यासाने अलाबामा, टेक्सास आणि पोर्तो रिको येथे घेतला. टेक्सासमधील हिस्पॅनिक रुग्णांत मूत्रपिंडाचा दाह पोर्तो रिकोच्या रुग्णांपेक्षा अधिक आढळला. म्हणजे 'हिस्पॅनिक' हा एकजिनसी गट नव्हे आणि वंशवारशाचा वाटा नाकारता येत नाही. पण मृत्यूशी दारिद्र्याचा संबंध असल्याचेही याच अभ्यासाने दाखवून दिले. मूत्रपिंडाचा दाह वेळीच ओळखून आटोक्यात आणला नाही, तर गर्भारपणात रक्तदाब भडकतो, वारेचा रक्तपुरवठा बिघडतो आणि माता व बाळ दोघेही संकटात येतात.

यावरचे उपाय अज्ञात नाहीत. गर्भधारणेपूर्वी किमान सहा महिने रोग शांत असावा, मायकोफिनोलेट व मेथोट्रेक्सेटसारखी गर्भाला घातक औषधे आधीच बदलावीत, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू ठेवावे आणि अल्प मात्रेत अॅस्पिरिन द्यावे, असे अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. ही औषधे स्वस्त आहेत. महाग आहे ती पूर्वतयारी. तिच्यासाठी गर्भारपणाच्या कित्येक महिने आधी संधिवाततज्ज्ञापर्यंत पोहोचावे लागते.

आणि नेमकी तिथेच व्यवस्था तोकडी पडते. अमेरिकेतील सुमारे ४० टक्के बाळंतपणांचा खर्च 'मेडिकेड' ही सरकारी योजना उचलते. परंतु अनेक गरीब स्त्रियांना तिचे दार गर्भ राहिल्यावरच उघडते. प्रसूतीनंतरचे साठ दिवसांचे संरक्षण वर्षभरापर्यंत वाढवण्याची मुभा राज्यांना २०२१ च्या कायद्याने मिळाली. टेक्सासने ती मार्च २०२४ पासून अमलात आणली. मात्र प्रौढ गरिबांसाठी २०१४ पासून खुला असलेला मेडिकेडचा विस्तार त्या राज्याने स्वीकारलेला नाही. कायदेशीर स्थलांतरितांपैकी अनेकांना १९९६ च्या कायद्यानुसार पाच वर्षे थांबावे लागते, तर कागदपत्रे नसलेल्यांना बहुतेक ठिकाणी केवळ तातडीच्या उपचारांचाच आधार असतो. त्यातच जुलै २०२५ च्या कायद्याने मेडिकेडच्या केंद्रीय खर्चाला मोठी कात्री लावली.

गर्भपातबंदीने या कोंडीत भर घातली. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचे घटनात्मक संरक्षण काढून घेतल्यावर, गर्भपातासाठीही वापरले जाणारे मेथोट्रेक्सेट देण्यास काही औषध विक्रेते कचरू लागले. ज्या स्त्रीला गर्भधारणा टाळायची आहे तिला औषध मिळत नाही आणि जिला मूल हवे आहे तिला पूर्वतयारीसाठी विमा नाही, अशी ही दुहेरी कोंडी आहे.

ल्युपस बरा करणारे औषध अद्याप सापडलेले नाही. पण ल्युपसग्रस्त स्त्रीचे मातृत्व सुरक्षित करण्याचे बरेचसे ज्ञान आज उपलब्ध आहे. ते तिच्यापर्यंत गर्भ राहण्याच्या आधी पोहोचवायचे की अत्यवस्थ होऊन ती तातडीच्या विभागात आल्यावर, हा निर्णय डॉक्टरांच्या हाती नाही. तो राज्यकर्त्यांनी घ्यायचा आहे.