जत्रेतला सोंगाड्या आणि तंबूनगरीतला पाहुणा

मार्गशीर्षातली पौर्णिमा आली की तापीकाठच्या सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते. देवळात नवसाच्या गुळाच्या तुला होतात. घोडेबाजारात मारवाडी, काठियावाडी जनावरांची चाल पाहत शौकीन तासन्‌तास उभे राहतात. बैलगाड्या, शेतीची अवजारे, संसाराची भांडी असा सगळा बाजार पसरतो. रात्र पडली की कनातींतून ढोलकी घुमू लागते. दिवसभर घोड्याच्या किमतीवरून घासाघीस केलेला माणूस थंडीत कान बांधून कनातीत जाऊन बसतो. लावणी तर त्याला हवी असतेच. पण मनातून तो वाट पाहत असतो सोंगाड्याची. वर्षभराचा शीण घालवायचे काम यात्रेने त्याच्याकडे सोपवलेले असते.

याच सारंगखेड्यात गेल्या दशकात ‘चेतक फेस्टिव्हल’ उभा राहिला. पर्यटकांसाठी तंबूंची नगरी, घोड्यांच्या स्पर्धा, करमणुकीचे कार्यक्रम, सगळे साग्रसंगीत. पर्यटन महामंडळाने त्यासाठी २०१७ च्या डिसेंबरात बाहेरच्या कंपनीशी करार केला. ३२१ कोटी रुपयांचा हा करार अनियमिततेचा ठपका ठेवून राज्य सरकारने २०१९ च्या नोव्हेंबरात रद्द केला. त्या आकड्यांवर तेव्हा पुष्कळ चर्चा झाली. यात्रेला रात्रभर हसवणाऱ्या माणसाचे या नव्या नगरीत स्थान कोणते, या प्रश्नाची मात्र फारशी कोणी दखल घेतली नाही.

प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. यात्रेचे रूपांतर पर्यटनस्थळात करायचे, तर पाहुण्याला रात्री मुक्कामाला थांबवावे लागते आणि त्यासाठी रात्रीची करमणूक लागते. जगभरच्या करमणूक उद्यानांनी हा हिशेब फार पूर्वी मांडला आहे. अमेरिकेत डिस्नेलँड १९५५ साली सुरू झाले, तेव्हापासून तिथल्या ‘गोल्डन हॉर्सशू’ नावाच्या छोट्या नाट्यगृहात वॉली बोग नावाचा विदूषक लोकांना हसवीत होता. १९८२ पर्यंत तो हे काम करीत राहिला. त्याच उद्यानात पोरवयात माहितीपुस्तिका विकणारा एक मुलगा त्याचे खेळ पुनःपुन्हा पाहत असे. तो पुढे स्टीव्ह मार्टिन या नावाने जगप्रसिद्ध विनोदी नट झाला. एका रंगमंचावर एक माणूस वर्षानुवर्षे टिकला, की त्याच्या सावलीत दुसरा तयार होतो, तो असा.

पुढे १९८९ साली फ्लोरिडातल्या डिस्नेच्या विश्रामनगरीत ‘कॉमेडी वेअरहाऊस’ उघडले. प्रेक्षकांनी विषय सुचवायचा आणि नटांनी तिथल्या तिथे प्रसंग उभा करायचा, असा तो खेळ. (योगायोगाने त्याच साली आपल्या मुंबईजवळ गोराईला एस्सेलवर्ल्ड सुरू झाले, पण तिथे भर होता तो पाळण्यांवर आणि पाण्याच्या घसरगुंड्यांवर.) वेअरहाऊस २००८ साली बंद झाले आणि त्या परिसरात पुढे दुकाने व उपाहारगृहे थाटली गेली. त्याआधी वर्षभर, २००७ मध्ये, डिस्नेच्याच दुसऱ्या उद्यानात पडद्यावरची कार्टून पात्रे प्रेक्षकांशी बोलून त्यांना हसवू लागली होती. पडद्यामागे माणूस असतो खरा, पण तो दिसत नाही. जागा महाग झाली की बाजाराला जिवंत विनोद परवडेनासा होतो, एवढा बोध यातून घ्यायला हरकत नाही.

आता आपल्याकडे पाहू. विषय प्रेक्षकांतून घ्यायचा आणि संवाद जागेवर रचायचा, ही युक्ती अमेरिकेने शोधण्याची वाट आपल्या तमाशाने पाहिली नाही. गण, गवळण, बतावणी आणि वग या क्रमात बतावणी म्हणजे सोंगाड्याचे राज्य. लेखी संहितेचा धाक तिथे कमीच. फड गावात शिरला की सोंगाड्या आधी गावाची खबर घेतो आणि रात्री तीच खबर दरबारात पोहोचते. मिरचीचे भाव पडले असतील, तर तो राजाला विचारील, ‘महाराज, नंदुरबारच्या पथारीवर वाळतंय काय, मिरची की शेतकरी?’ पाटील, फौजदार, पुढारी पुढच्या रांगेत बसलेले असतात आणि तेही हसतात. न हसून सांगतात कोणाला? या कलेला मान्यताही मिळाली. ‘गाढवाचं लग्न’ गाजवणारे दादू इंदुरीकर १९७३ साली संगीत नाटक अकादमीच्या पुरस्काराचे मानकरी ठरले.

नंदुरबार जिल्ह्याची कथा याहून एक पाऊल पुढची. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात सुमारे दोन तृतीयांश लोकसंख्या आदिवासी आहे. इथे गावोगाव आदिवासींच्या ‘सोंगाड्या पार्ट्या’ आहेत. लग्नसराई, यात्रा, सण असे निमित्त धरून रात्र रात्र चालणारे त्यांचे खेळ भिली, मावची, कोकणी अशा घरच्या बोलीत असतात. शहादा-तळोद्याच्या बाजारात अहिराणी आणि गुजरीही तितक्याच सहजपणे ऐकू येतात. विनोद हा मुळात बोलीचा पोर आहे. प्रमाण मराठीत आणले की त्याचे दात पडतात.

आणि इथेच तंबूनगरीची अडचण सुरू होते. पाहुणा बाहेरगावचा, त्याला बोली समजत नाही. मग संयोजक काय करतात? दूरदर्शन वाहिन्यांवरचा ओळखीचा चेहरा आणतात. त्यात गैर काही नाही. चांगला विनोद कुठूनही यावा. २०१८ पासून एका मराठी वाहिनीवर ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ घरोघर पाहिली गेली. नाव मात्र विचार करायला लावणारे आहे. जत्रेतले हसू स्टुडिओत गेले, तिथे नावारूपाला आले; मग खुद्द जत्रेच्या वाट्याला काय राहिले?

फडांच्या अडचणी काही केवळ पर्यटनामुळे उभ्या राहिलेल्या नाहीत. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. वर्षातले मोजके दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते, तेवढीच. आजारी माणसाची झोप राखणारा हा नियम चुकीचा म्हणता येणार नाही. पण पहाटेपर्यंत रंगणारा वग दोन तासांत कोंबायचा, तर कात्री बहुधा बतावणीवरच चालते. शिवाय गावाने वर्गणी काढून दिलेल्या सुपारीत मोठ्या फडाचा खर्च भागणे अवघड. सोंगाड्या पार्टीतली माणसे तर एरवी शेतमजुरी करणारी. धडगाव-अक्कलकुव्याकडची कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि होळीला परततात. यात्रेच्या ऐन हंगामात गावे अर्धी रिकामी असतात.

मग करायचे काय? पर्यटन नको, असे म्हणण्यात शहाणपण नाही. तोरणमाळच्या यशवंत तलावाकाठी चार पाहुणे जास्त थांबले, तर चार घरांत चूल नीट पेटेल. मागणे एवढेच, की सारंगखेड्याच्या उत्सवात आणि तोरणमाळच्या पर्यटन आराखड्यात एक कायमचा मंच स्थानिक सोंगाड्यासाठी राखून ठेवावा. त्याचे मानधन आधी ठरलेले असावे आणि वेळ सायंकाळची असावी, म्हणजे नियमही पाळला जाईल आणि लेकराबाळांसह कुटुंबांनाही बसता येईल. बोली न समजणाऱ्या पाहुण्यासाठी एखादा सूत्रधार मधूनमधून मराठी-हिंदीत धागा जोडून देईल. तमाशाला सूत्रधार काही परका नाही. दर आठवड्याला तोच मंच मिळाला, तर त्याच्या पायाशी बसलेले एखादे पोर उद्या स्वतः उभे राहील.

एक अट मात्र संयोजकांना कडू लागेल. त्या मंचावर सोंगाड्या तंबूच्या भाड्यावर बोलेल, कंत्राटावर बोलेल, उद्घाटनाला उशिरा आलेल्या पुढाऱ्यावरही बोलेल. त्याची जीभ बांधून त्याला फेटा बांधणार असाल, तर फेटाही नको. नुसती शोभा हवी असेल, तर घोडे आहेतच. ते दिसतातही देखणे, आणि बोलत काहीच नाहीत.