नऊ तास, पण कुठून?

परवा रात्री मेसवरून आल्यावर आमच्या रूमवर वाद पेटला. मुंबईहून लंडन किती तास? एका पठ्ठ्याने तिकिटावरच्या वेळा वजा केल्या आणि साडेचार तास असं ठोकून दिलं! हिवाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्यामागे साडेपाच तास असतं, हे गडी विसरलाच. दुसरा म्हणाला, ७,२०० किलोमीटर भागिले ताशी ९००, म्हणजे आठ तास. हा जरा जवळ आला. पण ७,२०० हे गोलावर दोरा ताणून मोजलेलं अंतर. विमान थोडंच दोऱ्यावरून जातं? जाताना समोरचा वारा, येताना तोच पाठीशी. त्यात एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपल्या विमान कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, मग वळसा आलाच. शेवटी ठरलं, जायला साधारण दहा, यायला नऊ.

मी मात्र गप्पच होतो. आजी गेली तेव्हा माझा चुलतभाऊ लंडनला होता. "नऊ तासांचं तर विमान आहे, थांबा, येतोच," असं त्याने फोनवर सांगितलं. पण विमानाच्या आधी तीन तास विमानतळावर, उतरल्यावर रांगा, आणि मग मुंबई ते बीड रस्त्याने सुमारे ४०० किलोमीटर. पुढे गाव वेगळंच. अप्पांनी दिवस मावळेपर्यंत वाट पाहिली आणि मग उरकून घेतलं. दादा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचला. त्याच्या वाट्याला फक्त सावडणं आलं.

मित्रांनो, ७,२०० किलोमीटरला नऊ तास आणि ४०० किलोमीटरलाही नऊच! आता गणित करा. विमानाचा सरासरी वेग ताशी ८०० वरून ८५० केला, तर अर्धा तास वाचतो. त्यासाठी जगभरचे इंजिनिअर डोकं खपवतात. पण बीड-मुंबईचा सरासरी वेग ४५ वरून नुसता ६० केला, तर सव्वादोन तास वाचतात. त्याला नवं इंजिन लागत नाही. रस्ता, रेल्वे आणि जुळणारं वेळापत्रक एवढंच लागतं.

कुणी म्हणेल, मग बीडलाच विमानतळ मागा की! माझं मत उलट आहे. छत्रपती संभाजीनगरचा विमानतळ बीडपासून सुमारे १३० किलोमीटरवर आहे, आधी तिथपर्यंत तरी नीट पोचू द्या. अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वे १९९५ ला मंजूर झाली आणि बीडला गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ ला. तीस वर्षं! हा उशीर कुठल्या तिकिटावर छापलेला नसतो.

आपल्यातले बरेचजण उद्या विमानाने दूर जातील. जरूर जा. पण घरच्यांना "इतक्या तासांत येतो" असं सांगताना विमानतळापासून मोजू नका, उंबऱ्यापासून मोजा. आणि कधी रस्त्याचं किंवा रेल्वेचं काम हाती आलंच, तर तेही उंबऱ्यापासूनच मोजा.