झाई आणि जमिनीची मालकी

बुर्किना फासोच्या उत्तर भागातील यातेंगा प्रांतातले शेतकरी याकुबा सावाडोगो २०२३च्या डिसेंबरात निवर्तले. जग त्यांना ‘वाळवंट थोपवणारा माणूस’ म्हणून ओळखते. त्याच नावाचा माहितीपट २०१०मध्ये आला, २०१८मध्ये राइट लाइव्हलीहूड पुरस्कारही मिळाला. मला शंका आहे ती या बिरुदाविषयी.

सावाडोगोंनी १९८०च्या सुमारास, दुष्काळांच्या काळात, ‘झाई’ ही जुनीच रीत सुधारून घेतली. कोरड्या हंगामात टणक जमिनीत वीतभर खड्डे घ्यायचे, त्यांत शेणखत घालायचे. खताच्या वासाने वाळवी येते, जमीन पोखरते, आणि पहिला पाऊस वाहून न जाता आत मुरतो. (आपल्या साहित्यात वाळवी नासाडीची प्रतिमा होऊनच येते, इथे ती मशागत करते.) खड्ड्यांत ज्वारी-बाजरी उगवते. ही दोन्ही धान्ये मूळची आफ्रिकेतली. आपली भाकरी त्या खंडाची ऋणी आहे. खतातून आलेल्या बियांची पुढे झाडे झाली, झाडांचे जंगल झाले. सावाडोगोंच्या शेतावर बाजार भरे, गावोगावचे शेतकरी तिथे बियाणे आणि अनुभव यांची देवघेव करीत. एकट्या नायकाच्या कथेत हा बाजार मावत नाही.

त्याहून अडचणीची गोष्ट पुढची. वाहिगुया शहराची हद्द वाढली, तेव्हा याच जंगलात घरांचे भूखंड आखले गेले. जंगल ज्याने उभे केले, त्याची त्या जमिनीवर कायदेशीर मालकी नव्हती.

शेजारच्या नायजरमध्ये वसाहतकाळापासून झाडे सरकारची मानली जात. झाड तोडले तर दंड. मग शेतात कोंब दिसताच उपटून टाकणेच शहाणपणाचे. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून ही सक्ती सैल होत गेली आणि शेतकरी जुन्या बुंध्यांचे धुमारे राखू लागले. प्रामुख्याने माराडी आणि झिंदर या भागांत मिळून सुमारे ५० लाख हेक्टरांवर झाडे परतली. कौशल्य होतेच, बदलला तो हक्क.

अहवालांत मात्र ‘हवामान-अनुकूल’ हे विशेषण शेतीलाच लागते, जमिनीच्या कायद्याला लागल्याचे क्वचितच दिसते. तग धरण्याची सगळी जबाबदारी अशाने शेतकऱ्यावर येते. बुर्किना फासोत तर आज प्रश्न पावसापुरताही उरलेला नाही. सशस्त्र गटांच्या हिंसाचारामुळे २०२३पर्यंत तिथे २० लाखांहून अधिक माणसे विस्थापित झाली, आणि त्यांतली कित्येक यातेंगातल्यासारख्याच शेतांवरून उठून शहरांच्या आश्रयाला आली. त्यांना झाई खणता येत असेलही. पण खणायची कोणाच्या जमिनीत?