कचरा कमी झाला, म्हणून शिल्प मोठे?

टाकाऊ वस्तूंच्या शिल्पांना दोन्हीकडून मार बसतो. एक पक्ष म्हणतो, भंगार जोडायला कसली आलीय कला, कोणीही करील. दुसरा पक्ष तोंडभर कौतुक करतो, पण ते कचरा कमी झाल्याचे, पर्यावरणाचा संदेश गेल्याचे. दोघांचीही नजर माल आला कुठून यावरच खिळलेली. पुढे त्याचे झाले काय, हे कोणी बघत नाही.

पहिल्या पक्षाने एल अनात्सुईचे काम पाहावे. घानात १९४४ साली जन्मलेल्या आणि नायजेरियातल्या न्सुक्का येथे वर्षानुवर्षे अध्यापन केलेल्या या शिल्पकाराला २०१५ मध्ये व्हेनिस बिएनालेचा जीवनगौरव सुवर्णसिंह मिळाला. पुरस्कार बाजूला ठेवू. हात काय करतात ते बघू. दारूच्या बाटल्यांची ॲल्युमिनियमची झाकणे चेपायची, त्यांच्या पट्ट्या उलगडून दुमडायच्या, पिळायच्या, कडांना भोके पाडून तांब्याच्या तारेने बांधायच्या. अशा हजारो तुकड्यांचा भिंतभर पडदा होतो आणि धातू असून कापडासारखा चुण्या घेतो. त्या चुण्या कशा पाडायच्या, हे दर ठिकाणी मांडणाऱ्यांवर सोडलेले असते. शिल्पाला एकच कायमचा आकार असतो, ही समजूत इथे मोडते. ‘कोणीही करील’ म्हणणाऱ्याने वीतभर तुकडा बांधून दाखवावा.

आता दुसरा पक्ष. पुनर्वापर हीच कसोटी मानली, तर दिल्लीचे ‘वेस्ट टू वंडर’ उद्यान सर्वांत थोर ठरेल. २०१९ साली उघडलेल्या या उद्यानात भंगारातून ताजमहाल, आयफेल टॉवर वगैरे सात आश्चर्यांच्या प्रतिकृती उभारल्या आहेत. कारागिरीला दाद द्यावीच. पण भंगाराऐवजी नवे पत्रे वापरले असते, तरी ताजमहालात काय बिघडले असते? आकार आधीच ठरलेला. भंगार नुसते भरीला.

अनात्सुईच्या पडद्यात मात्र कोरे पत्रे घालून चालणार नाही. युरोपीय व्यापाऱ्यांनी पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर दारू आणली, तिच्या मोबदल्यात माल घेतला आणि माणसेही. झाकणावरच्या छापील नावांतून तो व्यवहार डोकावतो. त्याच झाकणांच्या पट्ट्यांतून घानाच्या केंटे वस्त्राची वीणही दिसते. झाकणे काढली की हे सगळे गेले.

तेव्हा माल मनातल्या मनात बदलून बघावा. काहीच बिघडले नाही, तर ती हौस किंवा कसब. अर्थच ढासळला, तर ते शिल्प. आणि कचरा कमी केल्याचे श्रेय द्यायचेच असेल, तर शिल्पकाराला कशाला? रोज पहाटे आपला कचरा हाताने निवडणाऱ्या कचरावेचक बायांना द्या, आणि तेही नुसत्या शब्दांत नको, मजुरीत द्या.