हिरकणी सर्वांना ठाऊक. धाराऊ किती जणांना?

१/ दरवर्षी १ ते ७ ऑगस्टच्या स्तनपान सप्ताहात समाजमाध्यमांवर हिरकणीची चित्रे फिरतात. त्यांच्याखाली, बाळाला वरचे दूध देणाऱ्या आजच्या आयांना टोमणेही मारले जातात. इतिहासाचा हा वापर मला अन्यायकारक वाटतो.

२/ हिरकणी ही रायगडावरील बुरुजाशी जोडलेली लोककथा. दूध विकायला आलेली गवळण दरवाजे बंद झाल्याने गडावर अडकली आणि तान्ह्यासाठी रात्री कडा उतरली. तिचे धैर्य वंदनीयच. पण दरवाजा उघडा असता, तर तिला जीव धोक्यात घालावा लागला नसता. एसटी स्थानकांवरील ‘हिरकणी कक्ष’ म्हणूनच महत्त्वाचे.

३/ आता दुसरी आई पाहा. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. प्रसूतीनंतर सईबाईंची प्रकृती ढासळली. तेव्हा कापूरहोळच्या धाराऊ गाडे बाळराजांच्या दूधआई झाल्या. ५ सप्टेंबर १६५९ रोजी सईबाई निवर्तल्या. त्या आई म्हणून उण्या होत्या, असे म्हणायला कोणाची जीभ धजावेल?

४/ ‘पूर्वी सगळ्याच आया अंगावर पाजत’ हेही अर्धसत्य. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात दूध पाजणारी धात्री कशी निवडावी, याचे सविस्तर विवेचन आहे. स्तन्य नसल्यास शेळीचे वा गाईचे दूध सांगितले आहे. क्रोध आणि शोक यांनी दूध आटते, म्हणून स्त्रीचे मन प्रसन्न ठेवावे, असेही तेथे म्हटले आहे. टोमणे मारणाऱ्यांनी एवढे तरी वाचावे.

५/ आईचे दूध श्रेष्ठ, याविषयी वाद नाही. पावडरच्या दुधाच्या आक्रमक जाहिरातींविरुद्ध जगभर लढा झाला. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने आचारसंहिता स्वीकारली, तर भारताने १९९२ मध्ये कायदा करून अशा जाहिरातींवर बंदी घातली. तो रोष कंपन्यांवर होता. आज तोच थकलेल्या बाळंतिणीवर काढला जातो.

६/ येत्या ऑगस्टमध्ये हिरकणीचे चित्र अवश्य लावा. शेजारी धाराऊंचेही नाव लिहा. दूध न आलेली एखादी आई ते वाचेल, तेव्हा आपल्या इतिहासात आपल्यालाही जागा आहे, हे तिला कळेल.