अर्जावरचा चेहरा

गेल्या महिन्यात मुकुंदवाडीतील आमच्या गल्लीतल्या दोन मुली एका सायंकाळी घरी आल्या. दोघींनी एकाच महाविद्यालयातून वाणिज्य शाखेची पदवी घेतलेली. दोघींचे वडील चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. एकीचे वडील तर आपल्या चळवळीचे जुने कार्यकर्ते. एका खासगी कंपनीतील लेखा-सहायकाच्या जागेची जाहिरात त्यांनी सोबत आणली होती. पात्रता, वय, अनुभव यांच्याखाली तीत एक ओळ होती : अर्जासोबत अलीकडचे रंगीत छायाचित्र जोडणे आवश्यक. पहिलीने विचारले, "सर, फोटो लावायलाच हवा का?" दुसरीने आपला प्रश्न बराच वेळ मनात घोळवलेला दिसला. ती म्हणाली, "सर, डोक्यावर ओढणी ठेवून फोटो काढू, की उतरवून?"

ही मुलगी घरात, महाविद्यालयात आणि बाजारात डोके झाकून वावरते. जमाखर्च जुळवण्याच्या कामाशी डोक्यावरच्या ओढणीचा काडीचाही संबंध नाही, हे तिलाही ठाऊक होते आणि आम्हालाही. तरीही प्रश्न पडला, आणि तो अगदी योग्य ठिकाणी पडला. चाळीस वर्षे अर्थशास्त्र शिकवून आम्हाला त्याचे झटपट उत्तर देता आले नाही, म्हणूनच हे लिहीत आहोत.

लाखो तरुण बेकार असताना, कंत्राटी पद्धतीने कायम नोकरीची कल्पनाच मोडीत काढलेली असताना, पासपोर्ट आकाराच्या एका चित्राबद्दल अग्रलेख कशाला, असे काही वाचक विचारतील. आमचे उत्तर असे की, बेकारी जितकी मोठी तितकी ही बाब मोठी होते. जागा दहा आणि अर्ज बारा असतील, तेथे मालकाला प्रत्येक अर्ज वाचावा लागतो. जागा दोन आणि अर्ज पाचशे असतील, तेथे अर्ज वाचले जात नाहीत, चाळले जातात. चाळणाऱ्याची नजर प्रथम कोठे पडते, हे सांगायला मानसशास्त्रज्ञ नको. छापील मजकुराच्या पानावर एकच चेहरा असेल तर डोळा तेथेच जातो.

शहरातल्या कोणत्याही मजूर अड्ड्यावर सकाळी आठच्या सुमारास उभे राहून पाहावे. ठेकेदार येतो, माणसांवरून नजर फिरवतो. दंड पाहतो, वय पाहतो, कपडे पाहतो आणि बोट दाखवतो. कोणी विचारत नाही की, तुला गिलावा येतो की फरशी बसवता येते. ही निवड अपमानकारक आहे, असे आपण सारे मानतो. शिक्षण घेतले की या अड्ड्यावरून सुटका होईल, या एका आशेवर मराठवाड्यातील शेतमजुरांनी आणि कामगारांनी मुलांना शिकवले. पदवीच्या कागदावर चेहरा चिकटवायला सांगणारी जाहिरात तोच अड्डा वातानुकूलित कार्यालयात नेऊन मांडते. फरक एवढाच की, अड्ड्यावर नाकारलेल्या मजुराला आपल्याला कोणी नाकारले ते निदान दिसते.

हा केवळ आमचा संशय नाही. मिलिंद महाविद्यालयातून पदवी आणि आपल्याच विद्यापीठातून अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतलेले डॉ. सुखदेव थोरात यांनी पॉल अ‍ॅटवेल या अमेरिकन समाजशास्त्रज्ञासह केलेली पाहणी २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये प्रसिद्ध झाली. वृत्तपत्रांतील खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता तोलामोलाची ठेवली होती. बदलले होते ते उमेदवाराचे नाव. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढच्या टप्प्याचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश, आणि मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश आढळली. या अर्जांत चेहरा नव्हता. नुसत्या नावाने एवढे होत असेल, तर नावात जे लपते तेही छायाचित्र उघड करते, तेव्हा काय होत असेल याचा विचार करावा.

त्याचेही मोजमाप झालेले आहे. जर्मनीत अर्जाला छायाचित्र जोडण्याची जुनी रूढी आहे. तेथे डोरिस वाइकसेलबाउमर या संशोधिकेने सुमारे दीड हजार अर्ज पाठवले आणि सर्वांवर एकाच स्त्रीचे छायाचित्र लावले. जर्मन नाव दिले तेव्हा शंभरातील १८.८ कंपन्यांनी मुलाखतीला बोलावले. तुर्की नाव दिले तेव्हा १३.५ जणांनी. तुर्की नाव आणि त्याच चेहऱ्याभोवती रुमाल, असे झाले तेव्हा फक्त ४.२ जणांनी. २०१६ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुकुंदवाडीच्या मुलीने विचारलेला प्रश्न हाच होता. तिने कोणतेही संशोधन वाचलेले नव्हते, पण जगाचा अंदाज तिला अचूक होता.

इस्राएलमधील पाहणी आणखी गुंतागुंतीची गोष्ट सांगते. तेथे छायाचित्र लावणे ऐच्छिक आहे. रफल आणि श्टुडिनर या दोघांनी २,६५६ जागांसाठी ५,३१२ अर्ज पाठवले. देखण्या पुरुषाच्या छायाचित्राला १९.९ टक्के प्रतिसाद मिळाला, सामान्य रूपाच्या पुरुषाला १३.७ आणि छायाचित्र न लावणाऱ्याला अवघा ९.२ टक्के. स्त्रियांचे नेमके उलट झाले. छायाचित्र न लावणाऱ्या स्त्रीला १६.६ टक्के, सामान्य रूपाच्या स्त्रीला १३.६ आणि देखण्या स्त्रीला सर्वांत कमी, म्हणजे १२.८ टक्के. पुरुषाला रूपाचा लाभ आणि स्त्रीला रूपाची शिक्षा, असा हा न्याय आहे. या आकड्यांतून कार्यकर्त्यांनी एक धडा घ्यावा. छायाचित्र ऐच्छिक ठेवले की प्रश्न सुटतो, हे खरे नाही. इतर सारे लावत असताना एकट्याने न लावणे म्हणजे काहीतरी लपवत असल्याचा आरोप ओढवून घेणे होय. जो नियम सर्वांना बांधत नाही, तो पाळणाराच भरडला जातो. म्हणून या प्रश्नावर व्यक्तीला उपदेश करून भागत नाही. नियम सर्वांसाठी बदलावा लागतो.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला असा की, मुलाखतीत चेहरा दिसणारच आहे, मग अर्जावर तो झाकून काय साधणार? हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण मुलाखतीत चेहऱ्यासोबत माणूस बोलतो, प्रश्नांची उत्तरे देतो, आपले काम दाखवतो. समोर बसलेल्याला नाकारताना मालकाला निदान स्वतःशी एक कारण शोधावे लागते. छायाचित्राला बोलता येत नाही. आम्हा प्राध्यापकांना हे तत्त्व नवे नाही. विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकेवर परीक्षकाला विद्यार्थ्याचे नाव दिसू नये, यासाठी केवढी दक्षता घेतली जाते! उद्या कोणी उत्तरपत्रिकेच्या कोपऱ्यात विद्यार्थ्याचा फोटो चिकटवा म्हणाले, तर पालक रस्त्यावर उतरतील. परीक्षेत जे अन्यायाचे, ते नोकरीत रीतसर कसे ठरते?

दुसरा आक्षेप तोतया उमेदवारांचा. लेखी परीक्षेला भलताच माणूस बसवण्याचे प्रकार आपल्या राज्यातील भरतीत घडलेले आहेत, हे आम्ही नाकारत नाही. ओळख पटवण्यासाठी छायाचित्र हवेच. मात्र ते परीक्षेच्या दारावर हवे, प्रवेशपत्रावर हवे, नेमणूक झाल्यावर ओळखपत्रावर हवे. अर्ज चाळणाऱ्याच्या मेजावर त्याचे काय काम? ओळख पटवणे आणि निवड करणे ही दोन कामे आहेत. ती दोन हातांत असावीत.

तिसरा आक्षेप आपल्याच गोटातून येतो आणि तो अधिक गंभीर आहे. ओळख झाकल्याने सामाजिक न्यायाचे नुकसान होणार नाही काय? फ्रान्समध्ये २०१० च्या सुमारास निनावी अर्जांचा सरकारी प्रयोग झाला, तेव्हा त्यात स्वेच्छेने सामील झालेल्या कंपन्यांत अल्पसंख्य उमेदवारांना बोलावणी उलट कमी गेली. ज्या कंपन्या मुळात त्यांना संधी देऊ इच्छित होत्या, त्यांच्याच डोळ्यांवर पट्टी बांधली गेली, असा त्याचा अर्थ लावला गेला. हा अनुभव लपवून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. आरक्षणासाठी दिलेले जातीचे प्रमाणपत्र हा उमेदवाराने उघडपणे मांडलेला हक्क असतो. त्याची नोंद होते, त्यावर दाद मागता येते. छायाचित्रावरून बांधलेला तर्क कोठेच नोंदला जात नाही. हक्काची कागदपत्रे जरूर मागावीत. तर्काला निमित्त पुरवू नये.

कायदा याबाबत कोठे उभा आहे? सरकारी नोकरीत धर्म, जात, लिंग, जन्मस्थान, निवास यांवरून भेदभाव करण्यास संविधानाचे कलम १६ मनाई करते. खासगी मालकाला ते लागू नाही. अस्पृश्यतेच्या कारणावरून नोकरीत आडकाठी आणणे १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा ठरवले. भरतीत स्त्री-पुरुष भेद करण्यास १९७६ च्या समान वेतन कायद्याने बंदी घातली आणि २०१९ च्या वेतन संहितेने ती पुढे चालवली. परंतु ज्याला बोलावणेच आले नाही, तो पुरावा आणणार कोठून? अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर हा पेच ओळखला गेला. मालकांनी उमेदवाराकडून छायाचित्र मागू नये, असे तेथील समान रोजगार संधी आयोग सांगतो. दक्षिण कोरियाने २०१७ पासून सार्वजनिक क्षेत्रातील भरतीच्या अर्जातून छायाचित्र काढून टाकले. त्या देशांतील भेदभाव संपला असे कोणी म्हणणार नाही, पण तो करणाऱ्याची सोय तरी कमी झाली.

येथे डॉ. राममनोहर लोहियांची आठवण अप्रस्तुत ठरू नये. अमेरिकेचा तो कायदा होण्याच्या जेमतेम महिनाभर आधी, मे १९६४ मध्ये, मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहरात गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहात शिरण्याचा प्रयत्न केल्याबद्दल त्यांना ताब्यात घेण्यात आले होते. गोऱ्या कातडीला सुंदर मानण्याची आपली सवय निसर्गातून आलेली नसून सत्तेच्या इतिहासातून आली आहे, हे त्यांनी आग्रहाने मांडले. विवाहाच्या जाहिरातीत 'गोरी' हा शब्द वाचून आपण नाक मुरडतो. नोकरीच्या अर्जातील छायाचित्र तोच शब्द न उच्चारता बोलते.

आता एक कबुली. नोकरीत असताना एका संस्थेच्या निवड समितीवर आम्ही बसलो होतो. अर्ज वाटून घेतले गेले. एका सहकाऱ्याने काही अर्ज उघडून पाहिले, पहिल्या पानावरचे छायाचित्र न्याहाळले आणि पुढचे पान न उलटता ते बाजूला ठेवले. "वर्गात शोभणार नाही," एवढेच ते एकाबद्दल म्हणाले. सारे हसले. आम्ही हसलो नाही, पण बोललोही नाही. त्या अर्जदाराचे गुण काय होते, हे आजही आम्हाला माहीत नाही, कारण ते पान आम्हीही उलटले नाही. अन्याय करायला दुष्टपणा लागत नाही. घाई आणि शिष्टाचार पुरेसे होतात.

म्हणून सुरुवात आपल्या घरातून व्हावी. आपले कार्यकर्ते आणि हितचिंतक शिक्षणसंस्था चालवतात, पतसंस्था चालवतात, सहकारी भांडारे आणि ग्रंथालये चालवतात. तेथे लिपिकाची वा शिक्षकाची जागा निघते तेव्हा आपल्या जाहिरातीतही छायाचित्राची ती ओळ सवयीने छापली जाते. ती आधी खोडावी. यासाठी ना कायदा लागतो, ना पैसा. कामगार संघटनांनी मागणीपत्रात वेतन आणि बोनस यांच्या जोडीला भरतीची पद्धत हा विषय घ्यावा. अर्जावर छायाचित्र, धर्म, वैवाहिक स्थिती आणि वडिलांचा व्यवसाय विचारू नये, आणि नाकारलेल्या अर्जावर कारणाची नोंद ठेवावी, असा आग्रह चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा येथील कारखान्यांपुढे धरावा. खासगी भरतीतील भेदभावावर सर्वंकष कायद्याची मागणी विधिमंडळात आणि संसदेत पुन्हापुन्हा मांडावी.

राहता राहिल्या त्या दोघी. आम्ही त्यांना सांगितले की, जेथे मागितलेले नाही तेथे फोटो लावू नका. जेथे सक्ती आहे तेथे लावावा लागेल, कारण तुमच्या पोटाची किंमत मोजून आम्ही आमचे तत्त्व जपू इच्छित नाही. ओढणीच्या प्रश्नावर मात्र सल्ला देण्याचा अधिकार आमचा नव्हता. दोन्ही बाजूंनी काय गमवावे लागेल, ते आम्ही जर्मनीच्या आकड्यांसह तिच्यापुढे ठेवले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "नोकरीला रोज हाच चेहरा घेऊन जायचे आहे ना, सर?" दुसऱ्या दिवशी दोघींनी जालना रस्त्यावरच्या स्टुडिओत जाऊन फोटो काढले, तिने ओढणीसह. अर्ज गेले आहेत. हे लिहीपर्यंत उत्तर आलेले नाही.

तिचे धैर्य कौतुकास्पद आहे. पण एका तेवीस वर्षांच्या मुलीला लेखा-सहायकाच्या जागेसाठी धैर्य दाखवावे लागावे, ही आपल्या समाजाला आणि आपल्या चळवळीलाही लाज आणणारी गोष्ट आहे.