आवळाही आमचा, कोहळाही आमचाच



वनौषधींतील अँटिऑक्सिडंटवरचा आपल्या अंकातला लेख वाचला. हिरडा, बेहडा, आवळा, जांभूळ यांची त्यात केलेली तारीफ योग्यच आहे. माझे भांडण एकाच गोष्टीशी आहे. अँटिऑक्सिडंट जितके जास्त तितका आजार दूर, असा लेखाचा सूर आहे आणि त्याच सुरावर इथल्या आठवडी बाजारात चूर्णाच्या डब्या खपतात.

हे गुण मोजतात कसे? जांभळ्या द्रावणात अर्क टाकायचा. रंग उडून पिवळट झाला की अर्क जोरदार. पण परीक्षानळीला पोट नसते. हिरड्या-आवळ्यातले तुरट घटक आतड्यातून रक्तात थोडेच जातात, तेही रूप बदलून. अमेरिकेच्या कृषी खात्याने असल्या आकड्यांचे कोष्टक २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकले, कारण कंपन्या तेच दाखवून माल विकत होत्या. फिनलंडमध्ये तर २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ चा निकाल असा की, बीटा-कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. गाजर खाऊन असे झाल्याचे कुणी ऐकले आहे का?

माझ्या नात्यातल्या एका मुलीला सिकलसेल आहे. सरकारी दवाखान्यातली हायड्रॉक्सियुरियाची गोळी सोडून तिने दोन महिने चूर्ण खाल्ले. विकणारा म्हणाला होता, रक्त शुद्ध होते. पोळ्याच्या आठवड्यात तिचे सांधे धरले. भर पावसात, मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून तिला रात्रीच दवाखान्यात न्यावे लागले. त्याच डबीवर मधुमेह आणि कर्करोगही बरे होतात असे छापले आहे. अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे!

आवळा देऊन कोहळा काढतात म्हणे. इथे आवळा आमच्याच रानातून मातीमोल भावाने जातो आणि डबी होऊन परत आला की कोहळाही आमच्याच खिशातून निघतो.

आवळा खाऊ नका, असे मी मुळीच म्हणत नाही. १०० ग्रॅम ताज्या आवळ्यात २५० मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असते, संत्र्याच्या चार-पाच पट. डाळ-भाजीतले लोह अंगी लागायला ते मदत करते, आणि रक्त कमी असलेल्या पोरी आमच्याकडे घरोघरी आहेत. आवळा वाळवला, उकळला की त्यातले बरेच जीवनसत्त्व जाते. म्हणून डबीपेक्षा ताट बरे. आवळ्यासारखे गौण वनोपज गोळा करून विकण्याचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळालेला आहे. तेव्हा या हिवाळ्यात मुलचेरा तालुक्यातल्या आश्रमशाळांनी ग्रामसभांकडून रास्त भावाने ताजा आवळा घ्यावा, जेवणासोबत रोज एक. आणि अन्न व औषध प्रशासनाच्या एखाद्या निरीक्षकाने एकदा आमच्या बाजारात फेरी मारावी. डब्या लपवलेल्या नसतात, रस्त्यालगतच्या ताडपत्रीवरच मांडलेल्या असतात.

– एक वाचक, मुलचेरा, जि. गडचिरोली